इथं साक्षीदार लागत न्हाई

"पायरीवर घास."

खताच्या दुकानात खुर्चीवर बसून दुकानदार मला म्हणाला. बँकेचे पैसे देणारं मशीन माझा अंगठा धरत नव्हतं. चार वेळा लावला, चारही वेळा लाल दिवा. मागं रांग. माझ्याच वस्तीतल्या बाया आणि गावातले काही गडी.

"काय पाहून राहिली म्हातारे? दगडावर घास. वरची साल निघाली की धरंल."

आणि मी घासला.

दुकानाच्या पायरीवर उकिडवी बसले आणि फरशीच्या कडेवर अंगठा घासला. करपलेलं पातेलं घासावं तसा. कातडं सोललं, रक्त आलं. उठून परत त्याच्यापुढं गेले.

"आधी पूस. मशीनला घाण लावू नको."

लुगड्याला पुसला. लावला. लाल दिवा.

"जन्मभर आमची हळद उकरली, बोटाला रेघा कुठून राहतील!" तो गड्यांकडं पाहून म्हणाला. गडी हसले.

मी म्हणाले, "मालक, मला सही येते."

"सही? मशीननं चाटायची का तुझी सही?"

मग सगळेच हसले. माझ्या वस्तीतल्या बायाही हसल्या. त्यांचा राग माझ्या मनात अजून आहे.

मी चौथी शिकले आहे. बापानं शिकवलं, कारण बाप अंगठ्यानं फसला होता. याच दुकानदाराच्या आज्याकडं तो सालगडी राहिला. एका सालाचा कागद म्हणून अंगठा घेतला, कागदात दोन सालं लिहिलेली निघाली. दुसरं साल बाप मुकाट्यानं राबला. मला शाळेत सोडताना एवढंच म्हणाला, "तुझा अंगठा कुणाला देऊ नको."

पुढं गावात बँकेची शाखा झाली. दोन खोल्यांची. पैसे काढायची चिठ्ठी भरून मी सही करायची. अंगठा लावणाऱ्या बाईला मात्र साक्षीदार लागायचा. सही येणारा माणूस शेजारी उभा करावा लागे. त्यानं चिठ्ठी वाचायची, आकडा मोठ्यानं सांगायचा, अंगठा उमटला की बाजूला सही करायची. आमच्या वस्तीत तो माणूस मी. इतकी वर्षं किती बायांसाठी उभी राहिले ते मोजलं नाही. एकदा साहेबानं आकडा चुकीचा वाचला. मी म्हणाले, "साहेब, परत वाचा." त्यानं परत वाचला. मला साहेबाला परत वाचायला लावता येत होतं. गावात दुसरीकडं कुठं मला ते करता आलं नाही.

मग एक दिवस शाखेच्या शटरवर कागद चिकटवलेला. लोक नुसते बघत उभे. मी वाचून दाखवला. शाखा बंद. खाती तालुक्याला, सेनगावच्या शाखेत. कुणी विचारलं नव्हतं, कुणी आधी सांगितलं नव्हतं. सामान न्यायला आलेला साहेब म्हणाला, "काळजी करू नका, आता बँक तुमच्या दारात येणार." आली ती त्या खताच्या दुकानात. मशीन त्याच्याकडं, नेट त्याच्याकडं. ज्याच्या रानात आम्ही मजुरी करायची, आमचे पैसेही त्याच्याच हातात.

तर त्या दिवशी सगळे हसले आणि मी बाजूला झाले. माझ्यामागं गयाबाई होती. शेजारीण, एकटी, सही न येणारी. निराधारचे पैसे काढायला आली होती. तिनं अंगठा लावला. हिरवा दिवा, टिंग असा आवाज.

"लागला न्हाई. परत लाव."

तिनं परत लावला. हिरवा दिवा, तसाच आवाज.

"अजून एकदा."

तिचा हात पुढं गेला. मी तिचं मनगट धरलं.

"दोनदा हिरवा झाला," मी म्हणाले. "पावती दे."

पहिल्यांदा त्याला 'दे' म्हणाले. मालक म्हणाले नाही.

"तू कोण गं?"

"साक्षीदार."

"इथं साक्षीदार लागत न्हाई."

हसत म्हणाला तो. पण माझ्या डोक्यात लख्ख झालं. शाखा बंद करून आमच्याकडून हेच काढून घेतलं होतं. पाहणारा माणूस काढून घेतला होता. माझ्या बापाचा अंगठा घेताना तरी कुठं कोण उभं होतं?

त्यानं एका वेळचेच पैसे गयाबाईपुढं टाकले आणि पावतीचा कागद संपला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी तिला जीपमध्ये घातली आणि सेनगाव गाठलं. दिवसाची मजुरी बुडाली.

काचेमागं पोरगेलासा साहेब. "अम्मा, गाँव में मशीन है ना? इधर क्यों आए?"

"मला सही करायची आहे."

शिपाई म्हणाला, "चिठ्ठ्या संपल्या. उद्या ये."

मी खिडकीपुढंच खाली बसले. "ऊठ गं माय, साहेब ओरडंल," गयाबाई म्हणत राहिली. नाही उठले. लोक मला ओलांडून जात होते. जेवणाची सुट्टी झाली, संपली. मग चिठ्ठ्या सापडल्या.

सही केली. साहेबानं जुनी सही बघितली आणि मान हलवली. जुळत नाही म्हणे. सोललेल्या अंगठ्यानं पेन धरता येत नव्हता. मी तो अंगठा काचेला लावून दाखवला. "तुमच्या माणसानं पायरीवर घासायला लावला," म्हणाले. मी दुसरी चिठ्ठी घेतली. पाटीवर गिरवायची तशी एकेक अक्षर दाबून सही केली. जुळली.

मग गयाबाईचं पासबुक छापून घेतलं. एका दिवशी दोनदा पैसे काढलेले. हातात एका वेळचेच. मी तिथंच बाकावर तक्रार लिहिली. खाली गयाबाईचा अंगठा, शाईचा. बाजूला 'माझ्यासमक्ष' आणि माझी सही. पोच घेतल्याशिवाय हलले नाही.

अजून काही झालेलं नाही. दुकानदार तिथंच बसतो, मशीन तिथंच आहे. गयाबाईचे पैसे आले नाहीत. उलट त्यानं निरोप धाडला, यंदा हळदीला येऊ नको. निरोप आणणाऱ्या गड्याला मी म्हणाले, "त्याला म्हणावं, हळद तूच उकर. तुझ्या बोटाच्या रेघा लई चांगल्या हायेत."

दर महिन्याला मी सेनगावला जाते. जी बाई येईल तिला नेते. त्या दिवशी हसलेल्या दोघी आता येतात, त्यांनाही नेते. गोड बोलत नाही त्यांच्याशी. चिठ्ठी वाचते, आकडा मोठ्यानं सांगते, सही करते. जीप मिळाली नाही तर चालत जाईन. मी उभी असेन तिथं माझ्या वस्तीतल्या बाईचा अंगठा कुणी न वाचता घेणार नाही. माझा अंगठा तर आता कुणालाच मिळणार नाही.

हे माझ्यावर गुदरलं. मी चौथी शिकलेली, हळदीच्या रानात मजुरी करणारी म्हातारी बाई आहे.