स्टुलाला लागलेला लाल टॅग

अंबरनाथच्या एमआयडीसीत स्विच जोडायच्या लाइनवर मी दोन वर्षं काढली. तिथे एक दिवस 'लीन' आलं, बिनकामाचं सगळं काढून टाकायची नवी पद्धत. म्हणजे एक तरुण इंजिनिअर आला, हातात पॅड आणि लाल टॅगांचा गठ्ठा. जी वस्तू वापरात दिसत नाही तिला टॅग लागणार आणि आठ दिवसांनी ती भंगारात जाणार. मोडके ट्रे गेले, गंजकी कपाटं गेली. वाट मोकळी झाली, हे मान्य करते. मग टॅग लागला मावशींच्या स्टुलाला.

मावशी बदलापूर गावातून यायच्या, लाइनवर सगळ्यांत जुन्या. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. स्टूल गेलं की नोकरी गेली, सरळ गोष्ट.

मी नुकतंच संघटनेचं काम धरलं होतं. जेवणाच्या सुट्टीत पत्रक खरडलं: 'सुधारणेच्या नावाखाली कामगारांची बैठक हिसकावणाऱ्यांचा निषेध!' मावशींना वाचून दाखवलं.

"झकास लिहिलंस गं. पण त्या इंजिनिअरने मला बसलेलं बघितलंय कुठे?"

"म्हणजे?"

"तो राउंडला आला की मी काय करते? उठते."

साहेब दिसला की अख्खी लाइन ताठ उभी राहायची. निषेधवाली मीसुद्धा. त्याच्या पॅडवर रोज तेच पडत असणार: स्टूल रिकामं.

"मग उद्या उठू नका."

"साहेबासमोर बसून राहू? जमेल का मला?"

"डिंक लावू का, मावशी?" शेजारची म्हणाली. सगळ्या हसल्या. मावशी नाही हसल्या.

दुसऱ्या दिवशी तो आला. लाइन ताठ झाली. मावशी सवयीने अर्ध्या उठल्या. मी खांदा दाबला. बसल्या. मान खाली, पण हात स्क्रू पिळतच होते.

"तुम्ही यावर बसता?"

"चार वर्षं झाली, साहेब."

"मग मला कधी दिसलं कसं नाही?"

"तुम्ही आलात की उठते ना."

त्याचा चेहरा उतरला. कामाच्या जागी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा, असं यांना शिकवतात. बघणारा साहेब असला की जागाच बदलते, हे कुणी शिकवत नाही. त्याने टॅग तोडून खिशात घातला. "सॉरी, मावशी." मग आमच्याकडे वळून म्हणाला, "तुम्हीपण बसा ना."

कशावर बसणार? आम्ही बाकीच्या अकरा जणी आणि स्टूल एकच.

पत्रक मी फाडलं नाही. निषेध खोडला आणि लिहिलं, 'अकरा स्टुलं द्या.' पहिली सही मावशींनी केली, बसूनच.