एडेलाइदा दुभाषीबाई

इथं अमेरिकेत काउंटी कोर्टाच्या पायऱ्यांसमोर मी तमाल, म्हणजे पानात वाफवलेले मक्याच्या पिठाचे उंडे विकते, आणि माझा कुणावरही विश्वास नाही. सकाळी सकाळी गुळगुळीत दाढी करून, रिकाम्या हातानं कोर्टात शिरणाऱ्या माणसावर तर नाहीच नाही. ज्याचा खटला असतो त्याच्या हातात कागद असतो आणि तोंडाला कोरड पडलेली असते. हे लोक मात्र माझ्याकडचे तमाल चवीनं खातात, गोड हसतात आणि आत जाऊन कॉरिडॉरमधल्या बाकावर पेपर वाचत बसतात. त्यांच्या पेपरचं पान कधी उलटलेलं मी पाहिलं नाही.

पण सांगायचंय ते एडेलाइदाबद्दल. ती कोर्टातली दुभाषी. पन्नाशीची, आमच्याच मुलखातली, ग्वातेमालाच्या डोंगरात जन्मलेली. रोज बिनतिखटाचा एक तमाल घ्यायची आणि कोपऱ्यात उभी राहून एकटीच खायची. कॉरिडॉरमध्ये आमची माणसं काकुळतीनं विचारायची, "सेन्योरा, माझ्या केसचं काय होईल हो?" ही मान हलवून पुढे. दुभाष्यानं कुणाची बाजू घ्यायची नसते, कुणाशी खासगी बोलायचं नसतं, असा म्हणे नियम. मी म्हणायचे, नियम कसला, शिष्टपणा नुसता!

दुसरा नियम त्याहून चमत्कारिक. समोरचा जे बोलेल ते ती त्याचीच होऊन बोलायची. न्यायाधीश म्हणाले "मी दंड करतो", की हीसुद्धा आपल्या भाषेत "मी दंड करतो". चोर म्हणाला "मी चोरी केली नाही", की ही इंग्रजीत शपथेवर "मी चोरी केली नाही". न्यायाधीशांच्या खोलीच्या आत याचं कुणाला काही वाटत नसे.

मग उन्हाळ्यात बाकावरच्या त्या लोकांनी, म्हणजे परवान्याशिवाय देशात राहणाऱ्यांना धरणाऱ्या इमिग्रेशनवाल्यांनी, रिगोबेर्तोला कॉरिडॉरमध्ये धरलं. बिचारा भाड्याच्या भांडणासाठी आला होता. त्याला इंग्रजी कळेना, म्हणून त्यांनी जवळून चाललेल्या एडेलाइदाला थांबवलं. आणि ती तिच्या त्या सपाट आवाजात म्हणाली, "मी तुला अटक करत आहे. हात मागे कर."

अख्ख्या कॉरिडॉरनं ऐकलं. गलका ऐकून न्यायाधीश प्रेविट काळ्या झग्यातच दारापर्यंत आले. पांढऱ्या मिशांचा म्हातारा, रागानं लाल झालेला. शिपायानं नंतर सांगितलं, त्या लोकांतला एकजण न्यायाधीशांना म्हणाला, "खोली तुमची, साहेब. कॉरिडॉर नाही." म्हातारा उंबऱ्यावर थांबला, आणि मागे फिरला.

झालं. संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात एकच बोलणं. न्यायाधीशही त्यातलाच, आणि बाई तर त्यांचीच. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! मलाही पटलं. तिचं ते कुणाशी न बोलणं, एकटीनं खाणं, सगळ्याचा अर्थ एकदम लागला.

दुसऱ्या दिवशी ती आली. "एक तमाल, डोन्या नीका."

"संपले."

माझ्या भांड्यातून भसाभसा वाफ निघत होती. तिनं वाफेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पायऱ्या चढून गेली. खरं सांगते, मला बरं वाटलं.

एलिसेओ माझ्याच घरात मागच्या खोलीत राहायचा. छपरं घालायचा. लायसन्स नसताना गाडी चालवताना सापडला आणि त्याला तारीख पडली. गेला नाही तर न्यायाधीश वॉरंट काढणार, गेला तर बाकावर ते बसलेले. इकडे आड तिकडे विहीर. शेवटी मुलीकडे बघून जायचं ठरवलं त्यानं. बायको वारल्यापासून ती चिमुरडी त्याच्याशिवाय जेवत नसे.

"पण त्या बाईच्या तोंडून बोलणार नाही मी," सकाळी तो म्हणाला. "आपण एक सांगायचं, ती तिकडे भलतंच सांगायची."

"मग काय मुक्यानं बोलशील?"

"इंग्रजी येतं की मला."

"काय येतं? हातोडा, शिडी आणि शिव्या!"

"कोर्टात आणखी काय लागतं?" तो म्हणाला आणि आम्ही दोघंही हसलो.

तमालची हातगाडी बंद ठेवून मी सोबत गेले. बाकावर दोघं होते. आम्ही खाली मान घालून खोलीत शिरलो. नाव पुकारलं तशी एडेलाइदा उठून त्याच्याशेजारी उभी राहिली. एलिसेओ बाजूला सरकला. "नो, नो. माय इंग्लिश गुड," तो न्यायाधीशांना म्हणाला. त्यांनी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. बाई मागे जाऊन बसली.

दंडाचं त्याला कळलं, मान डोलावली. मग म्हातारा पुढे वाकला, चष्मा काढला आणि हळू आवाजात बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. दाराकडे बोट दाखवलं, मग बाकाकडे. माझं इंग्रजी सुट्ट्या पैशांपुरतं. माझ्या मनात पाल चुकचुकली: दंड झाला, मग इतकं गोड बोलणं कशाला? एलिसेओ हसून "थँक यू, सर" म्हणाला आणि दाराकडे वळला.

तेवढ्यात एडेलाइदा ताडकन उठली. जन्मात कधी चढला नसेल असा तिचा आवाज चढला, तोही आमच्या भाषेत. "बाहेर जाऊ नकोस! थांब! इथंच बस!"

एलिसेओनं तिच्याकडे पाहिलं, त्याचा चेहरा पांढराफटक पडला, आणि तो जवळजवळ पळतच बाहेर गेला.

मी पोचेपर्यंत त्याचे हात मागे बांधलेले होते. न्यायाधीश उंबऱ्यावर आले आणि तिथंच उभे राहिले. एडेलाइदा मात्र त्यांच्या बाजूनं बाहेर पडून थेट एलिसेओसमोर गेली.

"काय म्हणाले ते?" एलिसेओनं विचारलं.

ती नेहमीसारखी, न्यायाधीशांचीच होऊन बोलू लागली. "बाहेर दोन माणसं तुझ्यासाठी बसली आहेत. दाराबाहेर माझा हुकूम चालत नाही. या खोलीत चालतो. इथं तुला कुणी हात लावणार नाही. फुकट काम करणारी वकीलबाई दुपारी येते, ती येईपर्यंत माझ्यासमोर बसून राहा."

 एलिसेओला नेऊ लागले तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "डोन्या नीका, ती थांब म्हणाली ना, म्हणूनच मी निघालो."