शिबिराच्या दारातली भामाबाई

लातूर जिल्हा नवा झाला आणि थोड्याच वर्षांत पावसानं पाठ फिरवली. अहमदपूरकडच्या एका खेड्यात दिलेली भामाबाई तेव्हा नालाबंडिंगच्या, म्हणजे ओढ्याला बांध घालायच्या सरकारी दुष्काळी कामावर माती वाहायची. नवरा मारोती दगड फोडायचा. मिलिंद आणि सुजाता ही दोघं लेकरं बाभळीखाली खेळत बसायची.

एक दिवस मुकादमानं सांगितलं, ज्या बायांना दोन लेकरं आहेत त्यांनी मूल बंद करायचं ऑपरेशन करून घ्यावं, नाहीतर कामावर येऊ नये. असा नियम कुठंच नव्हता, हे भामाबाईला फार उशिरा कळलं. तिनं मारोतीकडं पाहिलं. चूल पेटायची असंल तर जा, एवढंच तो म्हणाला. शिबिर शाळेच्या खोलीत भरलं होतं. आधीची बाई कण्हत बाहेर आली आणि भामाबाईचं नाव पुकारलं गेलं. तुला हे पाहिजे का, असं तिला तिथं कुणी विचारलं नाही. घरीही नाही.

त्याच उन्हाळ्यात मिलिंदला हगवण लागली. गावाला प्यायला विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी होतं. बैलगाडीतून दवाखान्यात नेताना पोरगं आईच्या मांडीवरच गेलं.

पुढच्या सुगीच्या आत मारोतीनं दुसरी केली. वंशाला दिवा पाहिजे आणि हिला आता होणार नाही, असं सासूनं चारचौघांत सांगितलं. मारोती मान खाली घालून बसला. सुजाताला त्यांनी ठेवून घेतलं. भामाबाई एकटीच नायगावजवळच्या माहेरी आली.

तिथं मिरच्यांच्या खळ्यावर तिला जगदेवी भेटली. ही लिंगायताची, नवऱ्यानं टाकलेली. तिनं भामाबाईला नांदेडला चंद्रप्रभाबाईंकडं नेलं. चंद्रप्रभाबाई हायस्कुलात शिकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी टाकलेल्या बायांना गोळा करायच्या. पोटगी, वेगळं रेशनकार्ड असं बोलणं चालायचं. भामाबाईनं ऑपरेशनचंही सांगितलं. हा प्रश्न वेगळा आहे, आपण एकच धरून चालू, असं चंद्रप्रभाबाई समजावून म्हणाल्या. जगदेवीला ते पटलं नाही.

"बाई, हिला टाकलं ते त्या ऑपरेशनपायीच. मग येगळं कसं?"

चंद्रप्रभाबाईंनी ते मानलं. त्या स्वतः दोघींना घेऊन मजुरांच्या बैठकीला गेल्या. मजुरांचा पुढारी महादेवप्पा माणूस सरळ होता, पण त्याचंही तेच: आधी काम, आधी पाणी, बायांचं मागून बघू. मागं बसलेली भामाबाई उठली.

"आप्पा, आपण काम मागायलोत ते पोटासाठीच ना? त्याच पोटावर माझ्या सुरी फिरली. ते कामाचं न्हाई का?"

 महादेवप्पा म्हणाला, कामाचा आन् बायांचा मोर्चा एकच निघंल.

लातूरच्या मोर्चात मजूर होते, टाकलेल्या बाया होत्या आणि नामांतराच्या दंगलीत घरं जळालेली बौद्ध वस्तीतली माणसंही आली होती. निळ्या झेंड्याखाली चालू नको म्हणून जगदेवीला भावांनी बजावलं होतं. ती भामाबाईचा हात धरून चालली. कलेक्टरसाहेबांनी कचेरीबाहेर येऊन सगळ्यांसमक्ष सांगितलं की, ऑपरेशनपायी कुणाचंही काम बंद होणार नाही. त्या भागातल्या मुकादमांची भाषा तेवढ्यानं बदलली.

लातुरातूनच भामाबाई सासरच्या गावी गेली. सुजाता दारात होती. आईला पाहून ती सावत्र आईच्या लुगड्याआड लपली. भामाबाईनं हाक मारली, पण पोर पुढं आली नाही. सासूनं पाण्याचा तांब्या दिला, बस म्हणाली नाही.

पुढं पाऊस झाला, कामं बंद पडली, मजूर पांगले. चंद्रप्रभाबाईंची बदली झाली. जगदेवीच्या भावांनी तिला नायगाव सोडायला लावलं. एवढ्या कष्टानं जुळलेली माणसं भांडणतंटा न होताच सुटली, याचं भामाबाईला फार लागलं. पण कुठं शिबिर आहे असं कळलं की ती जायची, दारात बसायची आणि आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायची, "माय, तुला इचारलं का कुणी?"

मुदखेडकडं एकदा अशीच एक तरुण पोर तान्हं घेऊन आली.

"मावशी, मलाच पाहिजे हाय. सासू नको म्हणायली. चोरून आले."

 भामाबाईनं पदर पसरला. "आण ते लेकरू. म्या बसते हितं."

पोर आत गेली. तेवढ्यात सासू तणतणत आली. भामाबाई उंबऱ्यातून उठली नाही. तिचं शरीर हाय, तिलाच ठरवू दे, एवढंच ती शांतपणे म्हणत राहिली. सासू शिव्या देऊन दमली आणि भिंतीला टेकून बसली. मांडीवरचं तान्हं म्हणजे मुलगाच होता. पुष्कळ दिवसांनी भामाबाईच्या मांडीवर लेकरू झोपलं होतं. ती रडली, पण तिनं ते हलू दिलं नाही.

सुजाताचं लग्न होऊन गेल्याचं तिला एका बांगडीवालीकडून कळलं. लेक कुठं दिली, ते त्या बाईलाही ठाऊक नव्हतं.