गरुडाच्या पोटात नऊ बायका

हिम्मतरावांची मूळ कमाई टायपिंगच्या क्लासची. नामपल्ली स्टेशनजवळच्या गल्लीत, इराणी हॉटेलच्या वरच्या मजल्यावर, त्यांचे टाइपरायटर वर्षानुवर्षं खडखडत होते. मग देशाचे दरवाजे उघडले, अमेरिकेचं काम हैदराबादेत यायला लागलं आणि टाइपरायटर भंगारात जाऊन दारावर सॉफ्टवेअर कंपनीची पाटी लागली. माणूस तोच, पंखे तेच, जिन्यातल्या पानाच्या पिचकाऱ्याही त्याच. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, तो हा असा.

त्रिवेणी बिरादार तिथे लागली ती मोठ्या आशेनं. विद्यानगरात दोन खोल्यांचं घर, वडील लक्ष्मणराव अफझलगंजच्या एका घाऊक दुकानात हिशेबनीस. आजोबांनी उदगीरकडची शेती सोडून हैदराबाद गाठलं, त्यानंतर घरात पदवीपर्यंत पोचलेली ही पहिली. बी.एस्सी. झाली, कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि मग जिथे अर्ज करावा तिथे अनुभव मागायला लागले. नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून नोकरी नाही. हिम्मतरावांनी मात्र काही विचारलं नाही. आपलीच मराठी पोरगी, असं म्हणून त्यांनी तिला ठेवून घेतलं. अशा मायेची भीती वाटायला हवी, हे तिला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

त्या काळात अमेरिकेतल्या कंपन्यांना दोन हजार सालाचं भूत लागलं होतं. त्यांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले. शतक बदललं की यंत्रांना वाटणार, आपण एकोणीसशे सालात आलो. म्हणून लाखो ओळींमध्ये तारीख कुठे कुठे दडली आहे ते शोधून हवं होतं. हिम्मतरावांनी त्यावर औषध काढलं. प्रोग्रॅममध्ये हवं ते शोधून देणारं त्यांचं एक साधन होतं, त्याचं नाव गरुड. गिऱ्हाइकानं आपल्या संध्याकाळी प्रोग्रॅम पाठवून झोपी जायचं. तो उठेपर्यंत गरुड सगळा शोध घेऊन तयार.

गरुड म्हणजे काय, ते त्रिवेणीला पहिल्याच दिवशी कळलं. गरुड म्हणजे प्लायवूडच्या पार्टिशनमागची खोली, छापील कागदांचे गठ्ठे, रंगीत पेन्सिली आणि तिला धरून पाच बायका. तारीख दिसली की खाली लाल रेघ मारायची. सापडलेलं सगळं त्यांच्यातली शैला एका कॉम्प्युटरवर टाइप करायची आणि पानाच्या तळाशी लिहायची, ‘गरुडला लागलेला वेळ : एकोणचाळीस सेकंद’. कधी एकोणचाळीस, कधी त्रेचाळीस. रोज एकच आकडा टाकला तर संशय येईल, हेही हिम्मतरावांनीच शिकवलेलं. त्या एकोणचाळीस सेकंदांसाठी पाच जणी दिवसभर माना मोडत. त्रिवेणीला पहिल्यांदा हसू आलं. हसू फार दिवस टिकलं नाही.

पुढे नवीन सोयींची लाट आली. चार महिने झाले की हिम्मतराव गिऱ्हाइकाला कळवत, गरुडमध्ये नवीन सोय केली आहे. माहिती साठवायच्या जागेला दिलेलं एखादं नाव प्रोग्रॅममध्ये कुठे कुठे वापरलंय तेही गरुड आता दाखवतो! म्हणजे निळी पेन्सिल आणि दोन नव्या मुली. त्या नावाचा जन्म जिथे झाला त्या ओळीवर गरुड थेट नेऊन सोडतो! म्हणजे आणखी दोघी, आणि शैलानं दर वेळी उठून मांडणीवरचा जुना गठ्ठा उपसायचा. एकदा त्रिवेणीच्या लक्षात आलं, की अमेरिकेतल्या कुण्या इरसाल प्रोग्रॅमरनं साल साठवायच्या जागेला भोपळ्याचं नाव दिलंय. तिनं त्याच्याखाली लाल रेघ मारून बाजूला दोन ओळींची टीप लिहिली. तिकडून शाबासकी आली. लगेच हिम्मतरावांनी जाहीर केलं, गरुडला आता अर्थही कळतो आणि तो टीपही लिहितो. त्याचं बिल वेगळं लावलं आणि नऊ बायकांमध्ये उस्मानिया बिस्किटांचा एक पुडा वाटला. आयत्या बिळावर नागोबा बसतो तो निदान पुडे वाटत नाही. त्रिवेणीनं ते बिस्किट घेतलं आणि जिन्यातल्या कुत्र्याला घातलं.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात तिला खरी नोकरी समोर दिसली. शहराच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहिलेल्या एका मोठ्या कंपनीच्या परीक्षेत ती पास झाली. प्रोग्रॅमर म्हणून घेणार होते. हवं होतं ते फक्त अनुभवाचं पत्र, आणि तेही महिनाअखेरीपर्यंत. ती हिम्मतरावांसमोर जाऊन उभी राहिली. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि बापाच्या मायेनं समजावलं.

“तुझ्या कामाला नाव काय देऊ, बेटा? शोधायचं काम गरुड करतो. तू करतेस असं लिहून दिलं, तर मग गरुड काय करतो?”

अडीच वर्षं ज्या डोळ्यांनी काम केलं ते डोळे कागदोपत्री नव्हतेच. हिम्मतरावांनी मात्र वाट पूर्ण बंद केली नाही. पुढच्या आठवड्यात त्या भोपळेवाल्या अमेरिकन कंपनीचा पाहुणा गरुड बघायला येतोय, ते नीट पार पडू दे, मग बघू, म्हणाले. कोपराला गूळ लावणं म्हणतात ते हेच. पण पत्र त्यांच्याच हातात होतं, म्हणून ती परत लाल पेन्सिल घेऊन बसली.

पाहुणा येणार त्या सकाळी हिम्मतराव मागच्या खोलीत आले आणि सूचना द्यायला लागले. खोकायचं नाही. डबे उघडायचे नाहीत, फोडणीचा वास पुढे जातो. पुढच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर पाहुणा प्रश्न टाइप करील, तो तारेतून मागच्या कॉम्प्युटरवर येईल. बायका उत्तर शोधेपर्यंत पडद्यावर गरुडाचं चित्र पंख हलवत राहील. आणि शेवटी म्हणाले, बांगड्या काढून ठेवा, पलीकडे आवाज येतो.

आठ जणींनी काढल्या. शैलाचं लग्न होऊन महिना झाला होता, तिच्या हातात चुडा होता. ती म्हणाली, रुमाल बांधते, आवाज होणार नाही. हिम्मतराव म्हणाले, “दोन घंट्यांचा सवाल आहे. तेवढ्यात तुझा नवरा काय मरतोय काय?”

शैलानं मान खाली घालून एकेक बांगडी उतरवली. हात आवळून चुडा भरलेला, त्यामुळे निघता निघत नव्हता; मनगटाची साल निघाली. त्या ओक्याबोक्या हातांनी ती कॉम्प्युटरपुढे बसली खरी, पण सोललेलं मनगट टेबलाला टेकेना आणि तिला टाइप करता येईना. त्रिवेणीनं तिला उठवलं आणि त्या खुर्चीवर स्वतः बसली. बाई, ही माणसं आहेत का कोण, असं तिच्या मनात आलं, आणि त्या ‘माणसां’मध्ये अडीच वर्षं मुकाट बसलेली आपणही आहोत, हेही आलं.

पाहुण्याचा प्रश्न आला. बिलाच्या प्रोग्रॅममधलं एक नाव त्यानं दिलं होतं. ते कुठे वापरलंय ते दाखव आणि टीप लिही, म्हणत होता. बायकांनी गठ्ठे उपसले, ओळी सापडल्या, त्रिवेणीनं त्या टाइप केल्या. मग टिपेच्या जागी तिनं इंग्रजीत लिहिलं, की हे गरुडानं शोधलेलं नाही. या पार्टिशनच्या मागे आम्ही नऊ बायका बसलो आहोत. दार उघडून बघा. पत्र हातचं जाणार हे तिला पक्कं माहीत होतं. तरी तिनं ते पाठवलं.

पलीकडे खुर्ची सरकली. दार उघडलं. उंच, घामेजलेला पाहुणा उंबऱ्यात उभा राहून सगळं बघत होता : गठ्ठे, पेन्सिली, बायका, टेबलावर काढून ठेवलेला हिरवा चुडा. मागे हिम्मतरावांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. त्रिवेणी उभी राहिली. आता हा भडकणार, फसवणूक म्हणणार, निदान विचारणार तरी.

पाहुण्याला नवल वाटलंच नव्हतं. भोपळा सापडला तेव्हाच मला अंदाज आला होता, असं तो हिम्मतरावांना म्हणाला. मग त्यानं खोलीची लांबी-रुंदी नजरेनं मोजली आणि विचारलं, “इथे आणखी किती बसतील?”

दाटीवाटीनं वीस बसतील, हिम्मतराव म्हणाले. पाहुणा म्हणाला, उत्तम, पण नाव गरुडच राहू द्या. माझ्या वरच्या लोकांना यंत्रावर खर्च करायला आवडतं. निघताना त्यानं त्रिवेणीला सांगितलं, की टीप लिहायची नवीन सोय फारच छान आहे.

त्या संध्याकाळी हिम्मतराव रागावलेसुद्धा नाहीत. वीस बायकांचं काम मिळालेला माणूस कशाला रागावेल? उलट त्यांनी आपणहून पत्र टाइप करून घेतलं. कुमारी त्रिवेणी बिरादार यांना गरुड हे साधन वापरण्याचा अडीच वर्षांचा उत्तम अनुभव आहे, असं त्यात होतं. शोध मी घेतला असं लिहा, ती म्हणाली. ते म्हणाले, हवं तर घे, नाहीतर राहू दे. असं पत्र टराटरा फाडावं, असं कुणालाही वाटेल. त्रिवेणीलाही वाटलं. तिनं ते घडी करून पर्समध्ये ठेवलं.

नव्या कंपनीतले साहेब चांगले होते, शांतपणे बोलणारे. त्यांनी पत्र वाचलं आणि मान वर केली. गरुडबद्दल ऐकलंय, आम्हीही घ्यायच्या विचारात आहोत, म्हणाले. आणि विचारलं, “तुम्ही वापरलंय, म्हणून विचारतो. खरंच एवढं चांगलं आहे का ते?”

पत्र त्यांच्या हातात होतं. खरं सांगितलं असतं, तर त्या कागदाला काडीची किंमत उरली नसती.

“हो सर,” त्रिवेणी म्हणाली. “फार वेगवान आहे.”

साहेबांनी पेन काढलं आणि विचारलं, नवीन सोयी कोणकोणत्या आहेत. तिनं एकेक करून सगळ्या सांगितल्या, न अडखळता, अगदी हिम्मतराव सांगत त्याच शब्दांत.