मंत्र आधी, डंख मग

आमच्या घराण्यात विंचू उतरवायचा मंत्र होता. बापाकडून थोरल्या मुलाकडे, असा सात पिढ्या चालत आलेला. सात हा आकडा अप्पांचा; मी काही मोजायला गेले नाही. आम्ही मूळचे विजापूरकडचे. अप्पा बंगळूरला एका सरकारी कारखान्यात लेथ चालवायचे, आणि संध्याकाळी आमच्या अंगणात होसकोटे, व्हाइटफील्डकडच्या बैलगाड्या येऊन उभ्या राहायच्या. गाडीत कुणीतरी तळमळत असायचं. अप्पा कडुलिंबाची डहाळी त्याच्या खांद्यापासून बोटापर्यंत ओढत पुटपुटायचे आणि शेवटी पाठीत असा गुद्दा घालायचे की तो माणूस विंचू विसरून गुद्द्यासाठी ओरडायचा. पण उठून चालत जायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कसं व्हायचं ते मला विचारू नका. पुढे आयुष्यभर मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, तरी मला ते सांगता येत नाही.

परक्यांना बरं करणारा तो हात घरात फक्त मारायला उठायचा. पट्टा, छत्री, चुलीतलं लाकूड, जे सापडेल ते. सगळ्यात जास्त मार माझ्या भावाला, अण्णाला, कारण वारसा त्याचा होता. तो बारा वर्षांचा, स्वभावाने हळवा, अंगणात गोगलगाय दिसली तरी उचलून कुंडीत ठेवणारा. "ह्याच्या अंगात आहे ते. मार बसल्याशिवाय जागं व्हायचं नाही," असं अप्पा आईला सांगायचे. आई भाकरी थापत राहायची.

मंत्र द्यायची रीत ठरलेली होती. ग्रहणात कंबरभर पाण्यात उभं राहायचं. आधी मुलाच्या तळहातावर विंचू डसवून घ्यायचा. बापाने तो उतरवायचा. मग मुलाच्या कानात मंत्र सांगायचा. सांगितला की बापापासून मंत्र गेला, त्याचे शब्दसुद्धा आठवेनासे होतात, कारण तो एका वेळी एकाच माणसाजवळ राहतो. आजोबांनी अप्पांना असाच दिला होता, आणि तेव्हा आपण हूं की चूं केलं नाही हे अप्पा महिन्यातून दोनदा तरी जेवताना ऐकवायचे.

त्या वर्षी सकाळचं सूर्यग्रहण आलं. मी नऊ वर्षांची होते. अप्पा आम्हा सगळ्यांना बेळ्ळंदूरच्या तळ्यावर घेऊन गेले. तेव्हा तिथे तळं, भाताची खाचरं आणि बगळे एवढंच होतं. अप्पांच्या डब्यात बोटाच्या दोन पेरांएवढा तांबडा विंचू होता. मोठ्या काळ्याने माणूस ओरडतो, ह्या बारक्याने मरतो, हे आम्हाला अप्पांनीच शिकवलं होतं. पण उतरवायला आपण आहोत ना समोर, असा त्यांचा ताठा होता.

अण्णा मूठ उघडेना. अप्पांनी थोबाडीत दिली, तरी उघडेना. त्यांनी त्याचं डोकं पाण्यात दाबलं, वर काढलं, पुन्हा दाबलं. "काय रडायलास रे बायकांसारखा!" अण्णाच्या नाकातून रक्त यायला लागलं. एवढ्यात ऊन परतू लागलं, ग्रहण सुटत आलं, आणि अप्पांचा धीर सुटला. त्यांनी अण्णाचे ओले केस धरून त्याचा कान तोंडाशी ओढला आणि मंत्र आधीच सांगून टाकला. मग त्याची बोटं एकेक करून उलटी वाकवली आणि उघड्या तळहातावर विंचू दाबला.

काठावर आणेपर्यंत अण्णा घामाने निथळत होता. मग उलट्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले, तोंडाला फेस आला. अप्पांनी सवयीने डहाळी उचलली, त्याच्या खांद्याला लावली आणि ते थांबले. मी अप्पांना घाबरलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मंत्र आता त्यांच्याजवळ नव्हता. तो देऊन झाला होता.

"म्हण!" ते ओरडले. "म्हण की रे! तुझ्यापाशीच आहे आता. तुझा तूच उतरव!"

अण्णाचे दात वाजत होते. अप्पा त्याला मारायला लागले. तोंडावर, छातीवर, बरगड्यांवर, आणि प्रत्येक फटक्यागणिक "म्हण!"

आईने तोवर जन्मात कधी अप्पांसमोर मान वर केली नव्हती. तिने काठावर भरून ठेवलेली कळशी दोन्ही हातांनी उचलली आणि अप्पांच्या डोक्यात घातली. ते चिखलात बसले. तिने पुन्हा घातली. भुवई फुटून त्यांच्या डोळ्यात रक्त उतरलं. मला फार बरं वाटलं. आजही वाटतं, लपवू कशाला?

रस्त्याने गवताची गाडी चालली होती. गाडीवानाने काही न विचारता गवत खाली लोटलं. "बेगा अक्का, बेगा बेगा," लवकर, लवकर, असं म्हणत त्यानेच अण्णाला वर घेतलं. अण्णाचं डोकं आईच्या मांडीवर होतं. थोडं पुढे गेल्यावर त्याचे ओठ हलायला लागले. मंत्र आठवला, असं मला वाटलं. आईने खाली वाकून ऐकलं आणि पदराचा बोळा स्वतःच्या तोंडात कोंबला. मग मी कान लावला.

"विसरलो मी, अप्पा. मारू नका."

दवाखान्यापर्यंत तो तेवढंच म्हणत राहिला. दवाखान्याच्या पायऱ्या दिसायला लागल्या तेव्हा तो गप्प झाला होता.

तेरावा झाला त्या दुपारी आई मागच्या दारी भांडी घासत होती. अप्पा कपाळाला पट्टी बांधून ओसरीवर बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"गाडीत तो काही म्हणाला का?"

मी सांगितलं. त्याच्याच शब्दांत, एकही न गाळता. ऐकून अप्पा रडतील असं मला वाटलं होतं. रडावं, निदान एकदा तरी, अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी आत कानोसा घेतला, माझ्याजवळ सरकून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तसा तो त्याआधी कधीच फिरवला नव्हता.

"ते राहू दे," ते हळूच म्हणाले. "मंत्रातला एखादा शब्द? आठव की बाळ."