मातीच्या खाणीत माझी केबिन नव्हती

चहा आधी संपवा, मग सांगतो. अहो, ठसका लागेल! मी घरातसुद्धा टोपी का घालतो, असं विचारत होतात ना? ऐका तर मग. अब्रूचा पार भुगा झाला होता तेव्हा!

आणीबाणीतली गोष्ट. कोण कुणाचा माणूस, काही सांगता येत नव्हतं. मी कुंभारीजवळच्या एका दगडखाणीवर सुपरवायझर होतो. खाण मल्लप्पाअण्णांची. त्यांनी पुण्याहून जोशी नावाचा एक तरुण इंजिनिअर आणला. तो दिवसभर टेप घेऊन हिंडायचा. सुरुंगाची भोकं किती खोल, दारू किती, दगड कुठं पडला, सगळं लिहून घ्यायचा. म्हणे हे आकडे कॉम्प्युटरला घालायचे आणि खाण कशी खोदायची ते तो सांगणार!

म्हणजे आम्ही आजवर काय गोट्या खेळत होतो?

आमचे सुरुंग लावणारे इस्माईलचाचा कानाशी आले. "साब, मेरेको ये सीआयडी लगता. पत्थर कू नापता, फिर आदमी कू देखता!"

झालं! डोक्यात किडा शिरला.

त्यात जोशीनं एका फळीवर शाडूच्या मातीची आमची खाण केली. हुबेहूब! रस्ता, विहीर, क्रशर, कडेचा लिंबसुद्धा. नव्हती फक्त माझी केबिन. तिच्या जागी सपाट माती, अंगठ्यानं चेपलेली!

केबिन नाही म्हणजे सुपरवायझर नाही, हे कळायला कॉम्प्युटर कशाला लागतो? घरात दोन पोरी, वळसंगला म्हातारे वडील. नोकरी गेली तर खायचं काय? मी ठरवलं, आकडेच असे द्यायचे की कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये.

दुसऱ्या दिवशी जोशी केबिनमध्ये आला. छपराच्या भोकांतून ऊन त्याच्या कागदावर पडत होतं. त्यानं कागद सरकवला.

"सुरुंग उडाला की दगड कुठवर येतात हो?"

"येतात? छ्या! आमचे दगड पायथ्यालाच बसत्यात की. लई शहाणे!"

"या केबिनपर्यंत कधी?"

"आजपातुर खडा आला न्हाई!"

त्यानं वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. मला वाटलं, गडी मनात हिशेब करतोय. जिंकलो!

महिन्याभरानं कॉम्प्युटरचा निकाल आला. नव्या आराखड्याचा पहिला सुरुंग ठरला. खाणीच्या दुसऱ्या अंगाला एक केबिनही उभी राहिली. नवी केबिन म्हणजे नवा सुपरवायझर! पण खरी गंमत पुढंच. अण्णा त्याच केबिनपुढं खुर्ची टाकून सुरुंग बघणार होते. सुरुंगापासून अंतर? जुन्या केबिनएवढंच!

माझ्या थापेवर मालकाला बसवलं होतं हो! बोललो तर नोकरी जाते, गप्प बसलो तर मालक!

शिट्टी झाली. चाचांनी वात पेटवली. आणि माझा धीर सुटला.

"अण्णा, पळा! मी खोटं बोललोय! दगड येत्यात!"

"अय्यो! बिडो, बिडो!" अण्णा सोड सोड म्हणून ओरडतायत, धोतर सुटतंय, आणि मी त्यांना कवळ्यात धरून थेट खडीच्या भुकटीत उडी घेतली.

धडाम!

सगळा दगड पायथ्याला बसला. शहाण्यासारखा! आमच्याकडे खडासुद्धा आला नाही. ढिगातून अण्णा उठले ते नखशिखांत पांढरे, नुसते डोळे लाल.

जोशी धावत आला. म्हणाला, "अहो, तुमचे आकडे मी घेतलेच नाहीत. माझे मीच मोजले. दगड आता केबिनकडं उडत नाही, पलीकडच्या अंगाला पायथ्याशीच पडतो."

"मग मातीत माझी केबिन का न्हवती?"

"ती जागा धोक्याची, म्हणून हलवली. ही नवी तुमचीच!"

लाज वाटली हो, पण संशय काही जाईना. "मी खोटं बोलतोय, हे सांगितलं कुणी? चाचांनी?"

"कुणी कशाला सांगेल?" जोशी हसू दाबत म्हणाला. "तुम्ही 'खडा आला न्हाई' म्हणालात, तेव्हा दगडांनी फुटलेल्या पत्र्यातून आलेलं ऊन तुमच्याच टकलावर चमकत होतं!"

केबिनबरोबर पत्राही बदलला. टकलाचं काय करणार? टोपी घेतली.