मामींच्या पलंगावरची भिंत

ड्रिल भिंतीत बोटाचं पेर जाईल एवढं गेलं असेल, तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या पोटरीला काठी टोचली.

"बंद कर गं ते. भिंत थरथरायलीय."

मी बटण सोडलं आणि मागं वळले. एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं दाराची चौकट घट्ट धरलेली. तोंड पांढरं पडलं होतं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, छताकडं बघत होत्या.

मी लातुरात फ्रेमचं काम करते. दुकान सासऱ्यांचं, मग नवऱ्याचं, आता मीच बघते. काच कापायची, मोल्डिंग म्हणजे फ्रेमची लाकडी पट्टी तिरकी कापून कोपरे जुळवायचे, घरी जाऊन भिंतीवर लावून द्यायचं. भूकंप झाला त्या साली मी नवीनच दुकानात बसायला लागले होते. तेव्हा दुसरं कामच नव्हतं. लोक लग्नाचा ग्रुप फोटो आणायचे, त्यातला एकेक चेहरा मोठा करून घ्यायचे, आणि आम्ही हार घालायला वर खिळा ठेवून फ्रेम करून द्यायचो. आता गाव क्लासेसचं झालंय. निकाल लागला की मेडिकलला लागलेल्या पोरापोरींचे फोटो आणि सर्टिफिकेटं यांनीच दुकान भरतं. चार माणसांत बोलायला मला अजूनही जड जातं. कामात मात्र माझा हात बसलेला आहे.

हे घर क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवणाऱ्या शुभांगी मॅडमचं. त्यांचे मिस्टर फिजिक्स शिकवतात. तिसऱ्या मजल्यावरचा नवा फ्लॅट. मॅडमना चित्रांची हौस. हल्ली चित्राची फाइल मोबाइलवर विकत मिळते. ती प्रिंटच्या दुकानात दिली की पाहिजे त्या साइजमध्ये कागदावर छापून देतात. मॅडमनी पानं, पक्षी, डोंगर, एक देवणी बैल अशी चित्रं छापून घेतली होती. मी त्यांना काचेच्या फ्रेमा करून आणल्या होत्या.

मॅडम किचनमधून पळत आल्या. "मामी, एकच खिळा आहे हो." सासूला त्या मामी म्हणायच्या.

"एक न्हाई न् अर्धा न्हाई. काचंचं पाट डोक्यावर टांगून झोपू का मी? आधीच तिसऱ्या माळ्यावर आणून ठिवलंय."

"बिल्डिंग आरसीसीची आहे, मामी. काही होत नाही."

"आमचं बी घर भक्कमच होतं. बैलगाडी जाईल एवढ्या रुंद भिंती. सगळ्या अंगावर आल्या." मामींनी काठी फरशीवर आपटली. "मारायचा तर मारा खिळा. मी गावाकडं जाते."

मॅडमनी मला किचनमध्ये नेलं. हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, त्या नुसतं बोलत नाहीत. पिशवी भरून ठेवलीय त्यांनी. आल्यापासून पलंगाला पाठ लावली नाही. दाराजवळ खुर्ची टाकून बसल्या बसल्या झोपतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर म्हणतात पाय लांब करून झोपलंच पाहिजे. गावात कोण आहे बघायला?"

"मग राहू द्या ना चित्रं," मी म्हणाले.

"सर पण हेच म्हणतात. पण मलाही या घरात राहायचंय ना? दिवसभर फळ्यावर फॉर्म्युले लिहायचे आणि घरी येऊन कोऱ्या भिंती बघायच्या. हॉस्टेलच्या पोरी तरी टाइमटेबल चिकटवतात."

गिऱ्हाइकाचं म्हणणं बरोबर होतं. म्हातारीचंही बरोबर होतं. अशा वेळी मी आपली टेप काढते आणि भिंत मोजायला लागते.

खिळा नको, काच नको, एवढं मला कळलं होतं. त्यावर सोपा उपाय होता. मामींच्या खोलीत पडद्याचा रॉड आधीच भिंतीत बसवलेला होता. त्या रॉडपासून कपाटाच्या वरच्या कडीपर्यंत मी सुतळी ओढली. चित्रं फ्रेममधून काढली आणि कपडे वाळत घालतात तसे लाकडी चिमटे लावून सुतळीवर ओळीनं अडकवली. वजन काहीच नाही. पडलं तर कागद पडेल. मॅडम खूश झाल्या. "अगदी मोबाइलवर दाखवतात तसं दिसतंय, ताई." मामी दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या. मी काम झालं असं समजून निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमचा फोन आला. "ताई, लगेच या. मामी खाली बसल्यात, वर यायला तयार नाहीत."

मी गेले तर मामी बिल्डिंगच्या गेटजवळ वॉचमनच्या स्टुलावर बसलेल्या. ऑपरेशनचा पाय लांब केलेला, बरंच सुजलेला. त्यांच्याभोवती खालच्या मजल्यावरच्या हॉस्टेलच्या पोरी उभ्या. एकीच्या हातात बायोलॉजीचं पुस्तक, एकीच्या डोक्याला शाम्पूचा फेस तसाच.

झालं होतं ते असं. लाइट गेली होती. मामी पहिल्यांदाच जरा पलंगावर आडव्या झाल्या होत्या. लाइट आली तसा पंखा एकदम फुल स्पीडवर सुरू झाला आणि सुतळीवरची सगळी चित्रं एका लयीत हलायला लागली. मामी ओरडल्या, "हालायलंय! भाईर पळा!" आणि लिफ्ट न घेता, काठी न घेता, जिन्यानं खाली आल्या. त्यांचं ओरडणं ऐकून अख्खं हॉस्टेल खाली आलं.

"काय आजी, उद्या टेस्ट आहे आमची," फेसवाली पोरगी म्हणाली. "निम्मी अंघोळ राहिली."

"जिती हायस ना? मग धू जा डोस्कं," मामी म्हणाल्या.

पोरी हसल्या. मामी नाही हसल्या.

सर क्लास सोडून आले होते. ते आईजवळ उकिडवे बसले. "माय, वाऱ्यानं हाललं ते. पंख्याच्या."

"वाऱ्यानं हाललं का जमिनीनं, हे बघत बसलेलं कुणीच ढिगाऱ्यातनं वर आलं न्हाई बाबा," मामी म्हणाल्या. "माझी पिशवी आणून दे. सांजच्या एसटीनं जाते."

मॅडमचे डोळे भरले. त्या म्हणाल्या, "मी काढून टाकते सगळं. एक कागद ठेवत नाही."

मी तिथंच उभी होते. एरवी मी अशा वेळी मागच्या मागं निघून जाते. पण सुतळी मी बांधली होती. मी मामींच्या शेजारी पायरीवर बसले.

"मावशी, तुम्हाला चित्राची भीती वाटत नाही ना?"

"चित्राला काय भ्यायचं? बैलाचं तर लई झाक हाय."

"मग कशाची?"

मामींनी सांगितलं. भूकंपानंतर घरचे पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. शेडच्या आढ्याला दोरीनं तांब्या टांगलेला असायचा. सगळ्यांची नजर तांब्यावर. तांब्या हलला की बाहेर. रोज काही ना काही हलायचंच. तेव्हापासून घरात काही टांगलेलं त्यांना चालत नाही. गावाकडं त्यांनी कॅलेंडरसुद्धा खाटेवर उताणं ठेवलं. आणि मी त्यांच्या पलंगासमोर एका दोरीला तांब्यांची रांगच टांगून गेले होते.

"म्हंजे असं बघ बाय," मामी म्हणाल्या. "हालंल ते नगं. डोक्यात पडून लागंल ते नगं. बाकी तुमचं तुम्ही काय बी करा."

एवढं स्पष्ट माप मला कुठल्याच गिऱ्हाइकानं दिलं नव्हतं. मी सरांना म्हणाले, "एसटी उद्या पण आहे. मला एक दिवस द्या."

दुकानात सनबोर्ड असतो. दोन बाजूंनी गुळगुळीत, मध्ये फेसासारखा पोकळ, पांढरा बोर्ड. पोरं शाळेच्या प्रोजेक्टला वापरतात. वजनाला पापडासारखा. चित्रं मी सनबोर्डावर चिकटवून घेतली, कडा सरळ कापल्या, कोपरे टोचू नयेत म्हणून गोल केले. मागं फोमची डबल टेप. ही टेप भिंतीला धरली की सगळ्या बाजूंनी घट्ट बसते, म्हणून हलायचं काही उरतच नाही.

बोर्ड घेऊन गेले तेव्हा मामी दाराजवळच्या खुर्चीत होत्या. पाय स्टुलावर, पिशवी मांडीवर.

"मावशी, हे बघा. हातात घ्या."

त्यांनी बोर्ड हातात घेतला, उलटापालटा केला, नखानं टोकरला. मग म्हणाल्या, "टाक माझ्या डोक्यावर."

"काय?"

"टाक म्हन्ते ना. उंचावरून टाक."

मी मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, "मामी, काहीतरीच काय."

"तू गप. डोकं माझं हाय."

मी स्टुलावर चढले आणि पक्ष्यांचं चित्र सोडलं. ते मामींच्या डोक्यावर टप्पकन पडलं आणि मांडीवरच्या पिशवीवर घसरलं. मामींनी पदर सारखा केला. "आडवं पडलं. आता कोपरा खाली धरून टाक."

कोपऱ्यावरही टाकलं. मामींनी डोकं चोळलं नाही. "पोळी पडल्यावानी हाय," म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. सर घरी असते तर हा प्रयोग त्यांनी करू दिला नसता.

मग कामाला जोर आला. कुठं काय लावायचं ते आम्ही तिघींनी ठरवलं. डोंगरांची चित्रं हॉलच्या भिंतीवर, पण उभं राहून बघायच्या उंचीवर नाही, सोफ्यावर बसून समोर दिसतील एवढी खाली. मी म्हणाले होते वर लावू. मामी म्हणाल्या, "बसून बघायचं तर मान कशाला मोडायची?" खाली लावल्यावर खोली मोठी दिसायला लागली. पानांची चित्रं कपाटाच्या दारांच्या आतल्या बाजूला. मॅडम सकाळी क्लासची साडी काढायला दार उघडतात तेव्हा समोर हिरवंगार. पक्षी मॅग्नेटच्या पट्ट्या लावून फ्रिजवर. उरलेली छोटी चित्रं मी एका लाकडी ठोकळ्यात खाच पाडून त्यात उभी केली, एकामागं एक. पुढचं बघून कंटाळा आला की काढून मागं घालायचं. ठोकळा टीपॉयवर. हे काम मामींनी स्वतःकडं घेतलं.

शेवटी बैल राहिला. काळेपांढरे ठिपके, लोंबते कान.

"हा शेवेरा हाय," मामी म्हणाल्या. देवणीत रंगावरून जाती ओळखतात, मला ते माहीत नव्हतं. "आमची जोडी अशीच होती. दावणीलाच गेली." त्यांनी बोर्डावरून हात फिरवला. "हे माझ्या पलंगाच्या वर लाव."

मॅडम एकदम म्हणाल्या, "मामी, डोक्याच्या वर?"

"मग काय पायाशी लावतीस बैल?"

मी लावला. चारी कोपरे दाबले. मामी उठल्या आणि काठीनं बोर्डाला चांगले दणके दिले. बैल हलला नाही. मग काठी बाजूला ठेवून त्या पलंगावर बसल्या, एक पाय वर घेतला, दुसरा हातानं उचलून वर घेतला आणि आडव्या झाल्या. मॅडमनी पंखा लावायला हात पुढं केला आणि मागं घेतला.

"लाव की गं," मामी डोळे मिटून म्हणाल्या. "उकडायलंय."

मी चपला घालत होते तेव्हा सर जिन्यात भेटले. आत डोकावून आले आणि म्हणाले, "ताई, माय पलंगावर झोपलीय." मी म्हणाले, "हो. चार दिवस भिंत ओल्या फडक्यानं पुसू नका, टेप सुटते." मला तेवढंच सुचलं.

पुढच्या महिन्यात मॅडम बिल द्यायला दुकानात आल्या. गावाकडून मामींची लोखंडी पेटी आणली म्हणाल्या, कायमची. आता त्या हॉस्टेलच्या पोरींना टेस्टच्या आधी हातावर दही देतात. मॅडमची एकच तक्रार होती. ठोकळ्यात पुढं कायम मामींच्याच आवडीचं चित्र असतं.

काचेच्या फ्रेमा मी परत घेतल्या. त्या पुढच्या निकालात खपल्या.

तेव्हापासून कुणाच्या घरी लावायला गेले की भिंत मोजायच्या आधी मी विचारते, या भिंतीखाली झोपतं कोण? शहरातली गिऱ्हाइकं हसतात. औशाकडची, निलंग्याकडची, भूकंप बघितलेली, हसत नाहीत. ती हात धरून आत नेतात आणि पलंग दाखवतात.